रत्नागिरीत बाळंतपूर्व वर्ग निवडताना

पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत कोकणात अजून बऱ्यापैकी टिकून आहे. सातव्या-आठव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते, नवरा मुंबईला, पुण्याला किंवा आखातात नोकरीवर असतो, आणि बाळ झाल्यावर निदान सव्वा महिना घरात शब्द चालतो तो आईचा, आजीचा आणि न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईचा. बाळंतपूर्व वर्ग मात्र बहुतेक ठिकाणी जोडप्यांसाठी आखलेले असतात, आणि त्या जोडप्याचे घर दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर आहे असे त्यात गृहीत धरलेले असते. माझे माहेर जयगडच्या बाजूला आहे, रत्नागिरी शहर तिथून तासाभराहून अधिक अंतरावर आहे आणि माझे यजमान डोंबिवलीहून सुट्टी मिळेल तेव्हा कोकणकन्येने पहाटे उतरणारे. त्यामुळे या वर्षी रत्नागिरीत जे वर्ग मी पाहिले, त्यांचे मोल मी एकाच कसोटीवर ठरवले. बाळंतीण प्रत्यक्षात ज्या घरात, ज्या रस्त्यावर आणि ज्या माणसांच्या हाताखाली असणार आहे, त्याची दखल वर्ग घेतो का, ही ती कसोटी. वर्गांची नावे देत नाही, कारण चिपळूण, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी या गावांतही साधारण याच प्रकारचे वर्ग आढळतील आणि वाचणाऱ्याला प्रकार कळणे अधिक उपयोगाचे आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. डॉक्टरला किंवा परिचारिकेला जशी नोंदणी सक्तीची असते, तशी असे वर्ग चालवणाऱ्यांना नसते. कोणीही खोली भाड्याने घेऊन फलक लावू शकतो. भिंतीवर टांगलेली प्रमाणपत्रे काही तासांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची असू शकतात आणि खरोखरच्या प्रशिक्षणाचीही असू शकतात, म्हणून ती कोणी दिली आणि त्यासाठी काय करावे लागले, हे संकोच न करता विचारावे. शिकवणाऱ्या व्यक्तीने प्रत्यक्ष प्रसूतिकक्षात किती काळ काम केले आहे, हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारला, आणि उत्तर देतानाच्या चेहऱ्यावरूनही बरेच काही समजले.

पहिला प्रकार खासगी प्रसूतिगृहाशी जोडलेल्या वर्गाचा. तिथे नाव नोंदवलेल्या गर्भवतींना हा वर्ग विनामूल्य असतो, खोली वातानुकूलित असते आणि चहा-बिस्किटेही मिळतात. मी पाहिलेल्या वर्गातली एक गोष्ट खरोखर चांगली होती: प्रसूतिकक्ष आधी दाखवला गेला. पलंग कुठे आहे, बाळाला ऊब देणारे यंत्र कुठे आहे, वेणा सुरू असताना चालायला जागा किती आहे, हे डोळ्यांनी पाहिल्यावर अर्धी भीती कमी होते. पण पुढचा तासभर खोल्यांचे दर, विम्याची कागदपत्रे आणि बाळाच्या नाळेतल्या मूलपेशी (स्टेम सेल) साठवण्याची योजना यांतच गेला. निघताना हातात दिलेल्या भेटपिशवीत डायपरच्या पाकिटाबरोबर दूध पाजण्याची बाटलीही होती. बाळाच्या दुधाची पावडर, बाटल्या आणि शिशुआहार यांचे नमुने किंवा भेटी देऊन त्यांचा प्रचार करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे आणि २००३ मध्ये तो कायदा आणखी कडक झाला, हे तिथल्या कुणाला ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. स्तनपानाचा धडा देऊन झाल्यावर बाटली हाती ठेवणाऱ्या वर्गाला मी दुसरी संधी दिली नाही.

दुसरा प्रकार गर्भसंस्कार आणि प्रीनेटल योगा यांच्या जोडवर्गाचा. सध्या सर्वाधिक फलक याचेच दिसतात. इथे माझे मत दुभंगलेले आहे, कारण एकाच छताखाली उत्तम आणि टाकाऊ अशा दोन्ही गोष्टी मला मिळाल्या. योगाच्या शिक्षिका अतिशय सावध होत्या. पहिल्या दिवशी चटईवर बसू देण्याआधी त्यांनी फाइल मागितली, सोनोग्राफीच्या अहवालात वार (प्लॅसेंटा) कुठे आहे हे पाहिले, रक्तदाबाच्या नोंदी वाचल्या, रक्तस्राव किंवा आधीचा गर्भपात झाला होता का हे विचारले, आणि ज्या मुलीची वार खाली होती तिला डॉक्टरची लेखी परवानगी आणायला सांगून परत पाठवले. फी बुडते म्हणून त्यांनी डोळेझाक केली नाही. दूरचित्रवाणीवर पाहून कपालभाती आणि भस्त्रिका करण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. त्या दोन्ही आणि श्वास रोखून धरण्याचा कुंभक यांना त्यांनी साफ मनाई केली. पोटावर झोपून करायची आसने, पाठीचा खोल पीळ आणि डोके खाली करायची आसने यांनाही त्यांच्या वर्गात जागा नव्हती. शिकवले ते ताडासन, भिंतीला धरून उभे राहणे, मार्जारासन, भद्रासन, बद्धकोनासन, आणि टाचांखाली घडी घातलेली चादर व पाठीला भिंत घेऊन केलेले मलासन.

त्यांच्या तासातला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. मे महिन्याची सकाळ, जांभ्याच्या भिंतींची खोली आणि समुद्राकडून येणारी दमट हवा. शेवटी शवासनासाठी सगळ्या जणी उताण्या झोपू लागल्या, तशा बाई उठल्या आणि प्रत्येकीला त्यांनी डाव्या कुशीवर वळवले, एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली. दिवस भरत येतात तसा गर्भाशयाचा भार पाठीमागच्या मोठ्या शिरेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि घेरी येऊ शकते, हे कारण त्यांनी तिथेच सांगितले. आसने चालू असताना त्या मध्येच एखादीला काल काय जेवलीस असे विचारत, आणि तिला पूर्ण वाक्यात उत्तर देता आले नाही तर तिला बसवून पाणी देत. बोलता येईल इतकाच व्यायाम, हे मोजमाप यंत्राशिवाय कुणालाही घरी वापरता येते. एरवी निरोगी असलेल्या गर्भवतीने आठवड्याला दीडशे मिनिटे मध्यम व्यायाम करावा अशी जी सर्वमान्य शिफारस आहे, ती त्यांनी रोज संध्याकाळी वाडीतून चालण्यात आणि आठवड्यातल्या काही तासांत बसवून दिली. ओटीपोटाखालचे स्नायू आवळण्याचा आणि मुख्य म्हणजे सैल सोडण्याचा सराव त्यांनी नेमाने घेतला, कारण जोर लावताना सोडणे हेच अधिक कामाला येते.

त्याच वर्गातले गर्भसंस्काराचे व्याख्यान मात्र मला ऐकवले नाही. बाळाला साधारण सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाहेरचे आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यानंतर ते आईचा आवाज ओळखते, इथवर वक्त्या ठीक होत्या. गाणे, वाचन, शांतपणे बसणे यांनी आईला बरे वाटते, हेही मान्य. पण त्यापुढे केशराच्या दुधाने गोरा रंग, अमुक मंत्राने तल्लख बुद्धी आणि तमुक आहाराने हमखास नॉर्मल डिलिव्हरी, असे आश्वासनांचे दुकान उघडले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या दर चार बाळंतपणांपैकी साधारण एक सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. त्यांतली किती गरजेची होती हा वाद निराळा, पण नॉर्मलची हमी घेऊन बसलेल्या मुलीवर ऐनवेळी शस्त्रक्रियेची पाळी आली, तर ती स्वतःलाच दोष देत बसते. योगाच्या तासांचे पैसे वेगळे भरता येतात का, असे विचारावे. मला तशी सवलत मिळाली.

ऑनलाइन वर्ग हा तिसरा प्रकार. पुण्याहून चालणारा एक वर्ग मी यजमानांसोबत घेतला, ते डोंबिवलीत आणि मी माहेरी, अशा दोन पडद्यांवर. हा लमाझ पद्धतीवर बेतलेला होता. फर्नांड लमाझ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेल्या प्रयोगांवरून ही पद्धत पॅरिसमध्ये रुजवली, आणि आज तिच्यात श्वसनाच्या ठरावीक तालापेक्षा हालचाल, आधार आणि माहिती घेऊन निर्णय करणे यांवर भर असतो. वर्गातला मजकूर उत्तम होता. कळांचे टप्पे, पिशवीचे तोंड उघडणे म्हणजे नेमके काय, पाच सेंटिमीटरच्या पुढे वेग कसा बदलतो, पाठ कशी चोळावी, कोणत्या बाजूला कसे टेकावे, हे चित्रांसह समजले. यजमानांना तर हाच वर्ग सर्वांत उपयोगी पडला, कारण रत्नागिरीतल्या कुठल्याही वर्गाला नियमाने येणे त्यांना शक्य नव्हते.

अडचण आली ती निघायचे कधी या प्रश्नावर. दर पाच मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असे तासभर चालले की दवाखाना गाठा, हा नियम त्यांनी सांगितला. पहिलटकरणीसाठी तो शहरात योग्यच आहे, कारण फार लवकर जाऊन उगाच पलंगावर पडून राहावे लागत नाही. पण घाटातला रस्ता, पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी, मध्यरात्री न मिळणारी गाडी आणि खाडीपलीकडे राहणाऱ्यांसाठी रात्रभर न चालणारी फेरीबोट हे सगळे त्या नियमात कुठे बसवायचे, असे मी विचारले, तेव्हा शिक्षिकेने प्रामाणिकपणे सांगितले की असा विचार त्यांनी केलेला नाही. वाऱ्यापावसाने नेटवर्क गेले की तासच बुडतो, हा त्रास वेगळाच. नवरा लांब असेल तर असा वर्ग पूरक म्हणून जरूर घ्यावा. एकट्या त्याच्यावर विसंबू नये.

चौथा वर्ग, जो मी शेवटपर्यंत केला, तो सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या एका परिचारिकाबाईंचा. त्या स्वतःच्या घराच्या पडवीत आणि पुढच्या खोलीत तो चालवतात. फलक नाही, संस्कृत सुभाषिते नाहीत, खुर्च्यांवरही आयांचा आणि सासवांचा पहिला हक्क. नोंदणीच्या वेळी त्यांनी विचारलेले प्रश्न बाकी कुठेच कोणी विचारले नव्हते: घर मुख्य रस्त्यापासून किती आत आहे, रात्री गाडी कोण चालवेल, दिवस कुठल्या महिन्यात भरतात, बाळंतपणानंतर घरात कोण असेल, आणि तुझी आई वर्गाला येईल का. आई येणार नसेल तर बाळाच्या संगोपनाचे तास घेऊ नकोस, पैसे वाया जातील, असे त्या रोखठोक सांगतात.

यामागे त्यांचे साधे व्यवहारज्ञान आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत प्रत्येक स्त्रीला कळांच्या काळात तिच्या पसंतीची सोबत असावी असे म्हटले आहे. आपल्या सरकारी रुग्णालयांतही २०१६ पासून अशा सोबतीला मुभा आहे, पण ती सोबत सहसा घरातल्या, स्वतः बाळंतपण अनुभवलेल्या स्त्रीची असते. म्हणजे प्रसूतिकक्षात बहुधा आईच असणार. मग कमरेच्या हाडावर तळहाताने दाब कसा द्यायचा, कळ ओसरल्यावर घोटभर पाणी कसे द्यायचे आणि लेक ओरडली की स्वतः रडायचे कसे नाही, हे त्या आईलाच शिकवतात. माझ्या आईला त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवायला लावून, काकू, पोळी लाटताना द्याल तेवढा जोर द्या, असे सांगितले, आणि दाब बरोबर जागी पडल्याचे मला लगेच जाणवले.

कधी निघायचे याचे त्यांचे उत्तर घराप्रमाणे बदलते. शहरातल्या मुलीला त्या पाच मिनिटांचाच नियम सांगतात. जयगडकडच्या मला त्यांनी कळा नियमित होताहेत असे वाटताच फोन करून निघायला सांगितले, आणि जून ते सप्टेंबरमध्ये दिवस भरणाऱ्या लांबच्या मुलींनी शेवटचा आठवडा शहरातल्या नातेवाइकांकडे काढावा असा आग्रह धरला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले तेव्हा रस्त्यांची काय गत झाली होती, ते कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पाणमोट फुटली, रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र कळांची वाट न पाहता १०८ ला फोन करायचा, हे त्यांनी प्रत्येक तासाच्या शेवटी वदवून घेतले.

या वर्गाची खरी किंमत बाळाच्या तासांत वसूल होते. बाहुली, कापडी स्तन, दुपटी, झबली, परात आणि खोबरेल तेलाची वाटी एवढेच साहित्य असते. बाई आधी स्वतः काही सांगत नाहीत. न्हाऊ कसे घालता ते दाखवा, असे आयांना म्हणतात. माझ्या आईने पाय लांब करून बाहुली पायांवर घेतली, तेल लावले, टाळू भरली, कानात तेलाचे थेंब सोडले, नाक ओढले आणि छातीतले दूध काढायचे म्हणून छाती पिळून दाखवली. बाईंनी पायांवरची आंघोळ आणि मालिश यांचे मनापासून कौतुक केले, टाळूवर तेल लावा पण दाबू नका असे सांगितले, आणि कान, नाक, छाती या तीन ठिकाणी मात्र आईचा हात धरून थांबवला. पहिली आंघोळ जन्मानंतर चोवीस तासांनी, पाण्याचा कढ कोपराने पाहून, बेंबीला हळद, राख, तेल काही नाही, ती कोरडी ठेवली की आपसूक पडते, काजळ डोळ्यांत नको, झोपवताना पाठीवर. दुपट्यात गुंडाळताना हात आवळले तरी कंबर आणि पाय सैल हवेत. हे सांगून झाल्यावर प्रत्येक आईकडून बाहुलीवर करवूनही घेतले.

गुटीवरून वाद झालाच. आम्ही चौघांना गुटी दिली, कुणाला काही झाले नाही, असे आईने ठासून सांगितले. बाईंनी तिला खोडून काढले नाही. सहाणेला पाणी कुठले लावलेत काकू, विहिरीचेच ना, आणि सहाण दर वेळी उकळलीत का, एवढेच त्यांनी विचारले. मग पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको, मध तर एक वर्षापर्यंत चाटवायचाच नाही, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो, हे शांतपणे समजावले. सहा महिन्यांनी पहिली पेज तुमच्याच हातची द्या, तोवर सहाण माळ्यावर ठेवा, या वाक्यावर आई हसली आणि प्रकरण मिटले. हेच मी घरी सांगितले असते तर आठवडाभर अबोला झाला असता.

शेकशेगडीवरही त्यांनी बराच वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. पावसाळ्यात दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणि ओवा-वावडिंगाची धुरी ठेवतात. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि धूर बाळाच्या फुप्फुसांना सोसत नाही. शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या आणि बाळाला उबेसाठी आईच्या उघड्या छातीवर ठेवा, असा पर्याय त्यांनी दिला. अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, कुळथाचे पिठले यांना त्यांचा काहीच आक्षेप नाही. फक्त बाळंतिणीचे पाणी तोडू नका, एवढे त्या बजावतात.

दुधाच्या बाबतीत आकडे त्यांनी मोजके दिले, पण ते नेमके उपयोगाचे निघाले. जन्मानंतर तासाभरात पाजणे सुरू करायचे, चीक टाकायचा नाही, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचे. पहिल्या दिवसांत वजन थोडे उतरते आणि दोन आठवड्यांच्या आत भरून येते, पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा तरी ओली दुपटी झाली की दूध पुरते आहे असे समजायचे. सिझेरियन झाले तर कुशीवर वळून कसे उठायचे आणि टाक्यांवर भार न येता बाळाला काखेखाली धरून कसे पाजायचे, हेही त्यांनी करून दाखवले.

उणिवा आहेतच. योग त्या शिकवत नाहीत, त्यासाठी दुसरीकडेच जावे लागते. बाळंतिणीच्या मनाच्या आजाराला एका तासाच्या शेवटची जेमतेम दहा मिनिटे मिळाली. रडू येणे दोन आठवड्यांच्या पुढे टिकले तर डॉक्टरांकडे जा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक फोनमध्ये ठेवा, यापलीकडे चर्चा झाली नाही. बाळ झाल्यानंतर पुन्हा भेटण्याचा तास नाही. ती कसर काही अंशी आशाताई भरून काढतात, कारण रुग्णालयात बाळंतपण झाल्यावर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी येणे अपेक्षित असते. प्रसूतीची नोंद सासरच्या गावी असेल तर माहेरच्या आशाताईंना आधीच कळवून ठेवावे, नाहीतर या भेटी हुकतात.

ज्यांना कुठलीच फी परवडत नाही, त्यांनी दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात होणारी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी चुकवू नये आणि तिथल्या परिचारिकेला प्रश्नांची यादी दाखवावी. परिचारिकाबाईंच्या वर्गाची फी गर्भवती आणि तिच्यासोबतची एक व्यक्ती मिळून साडेतीन हजार रुपये होती. योगाला महिन्याला दीड हजार लागले. माझ्या मते हे दोन एकत्र घेणे सर्वांत शहाणपणाचे आहे, योग पाचव्या महिन्याच्या आसपास सुरू करून आणि बाळाचे तास माहेरी आल्याबरोबर, नववा लागण्याआधी संपवून. बाईंचा गट लहान असतो आणि पावसाळ्यात तो दुपारी भरतो, त्यामुळे जयगड, लांजा किंवा संगमेश्वरच्या बाजूने येणाऱ्यांनी नाव नोंदवतानाच परतीच्या एसटीची वेळ सांगावी. त्यानुसार त्या वर्गाची वेळ अर्धा तास पुढेमागे करतात.